मागे पडलेल्या मुलांच्या माँटेसरीबाई

मुंबई-पुण्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय वस्तीत चार गल्ल्या फिरल्या की एखादी तरी माँटेसरी नजरेस पडते. रंगीत भिंती, छोट्या खुर्च्या, दाराशी ताटकळलेले पालक आणि प्रवेशासाठी आधीपासून सुरू झालेली धावपळ, असे तिचे परिचित रूप. बालवाडीसाठी आपल्याकडे रूढ झालेला हा शब्द एका इटालियन बाईंचे आडनाव आहे, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या बाई मूळच्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पद्धतीची बीजे रोममधील मनोरुग्णालयात कोंडलेल्या मुलांच्या सहवासात रुजली, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. ज्या मुलांचे काही होऊ शकत नाही असे ठरवून समाज मोकळा झाला होता, त्या मुलांपासून डॉ. मारिया माँटेसरी यांचे काम सुरू झाले. पुढे गरीब वस्तीत काम करताना त्यांनी मुलाबरोबर त्याच्या आईला आणि घरालाही हाताशी धरले. आणि हे करीत असताना त्यांचे स्वतःचे मूल मात्र त्यांच्यापासून दूर वाढत होते.

डॉक्टरकीची वाट

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहराजवळच्या कियारावाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे गृहस्थ. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली आणि मुलीने शिकावे या मताची. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब आधी फ्लॉरेन्सला आणि १८७५मध्ये रोमला आले. वयाच्या तेराव्या वर्षी मारियाने तांत्रिक शाळेत नाव घातले. इंजिनीअर होण्याची तिची इच्छा होती. पुढे ओढा वैद्यकाकडे वळला आणि घरात वादळ उठले. वडिलांचा विरोध होता, आई पाठीशी उभी राहिली.

रोमच्या विद्यापीठात आधी निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मारियाने वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळवला. पुरुष विद्यार्थ्यांच्या देखत एका स्त्रीने शवविच्छेदन करणे त्या काळी अप्रशस्त मानले जाई. त्यामुळे इतर विद्यार्थी निघून गेल्यावर, तिन्हीसांजेला, तिने एकटीने प्रेतांजवळ बसून अभ्यास केला. १० जुलै १८९६ रोजी तिला पदवी मिळाली. इटलीत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी ती एक ठरली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत इटलीची प्रतिनिधी म्हणून तिने स्त्री कामगारांना पुरुषांइतके वेतन मिळावे, अशी मागणी मांडली. एक तरुण डॉक्टर म्हणून तिचे नाव वृत्तपत्रांतून झळकू लागले.

रिकाम्या खोलीतील मुले

पदवीनंतर डॉ. माँटेसरी विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात मानसेवी साहाय्यक म्हणून काम करू लागल्या. उपचारासाठी रुग्ण निवडण्याकरिता त्यांना रोमच्या मनोरुग्णालयात जावे लागे. तेथे प्रौढ रुग्णांबरोबरच काही मुलेही ठेवलेली होती. कोणी जन्मतः मंदबुद्धी, कोणाला वाचाच नाही, कोणाला झटके येत. अशा मुलांसाठी शाळा नव्हत्या. सांभाळणे झेपत नाही म्हणून घरच्यांनीही आशा सोडलेली होती.

त्यांच्या चरित्रांमधून एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. ही मुले एका रिकाम्या खोलीत बंद असत. जेवण झाले की ती जमिनीवर पालथी पडून पावाचे कण वेचत. देखरेख करणाऱ्या बाईला त्यांची किळस येई. खाण्याची हाव सुटत नाही, असे ती म्हणे. डॉ. माँटेसरींनी खोलीभर नजर फिरवली. हातात धरण्यासारखी एकही वस्तू तेथे नव्हती. खेळणे नाही, लाकडाचा तुकडा नाही, चिंधी नाही. मुलांची भूक पोटाची नसून हाताची आणि बुद्धीची आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. हाताला काम मिळाले नाही तर बुद्धीला चालना कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

उत्तराच्या शोधात त्या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या लेखनापाशी पोहोचल्या. पहिले झाँ इतार. आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी काही वर्षे चिकाटीने शिकवले होते. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ. मतिमंद मुलांना आधी शरीराच्या हालचाली, मग इंद्रिये आणि त्यांतून विचार अशा क्रमाने शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले होते आणि त्यासाठी साधनेही घडवली होती. त्यांचा मोठा ग्रंथ १८४६मध्ये प्रसिद्ध झाला होता, पण तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. डॉ. माँटेसरींनी या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. प्रत्येक शब्द तोलून पाहता यावा, हा त्यामागील हेतू होता.

त्यांचा निष्कर्ष त्या काळाच्या मानाने धाडसी होता. मुलाच्या मागे पडण्याचा प्रश्न केवळ औषधोपचाराचा नाही, तो मुख्यतः शिक्षणाचा आहे, असे त्यांचे मत बनले. सप्टेंबर १८९८मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी एलिझाबेथ यांची एका इटालियन माणसाने हत्या केली आणि सारा देश हादरला. त्याच सुमारास तुरिन येथे शिक्षकांची मोठी परिषद भरली होती. तेथे डॉ. माँटेसरींनी शाळेबाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलांचा प्रश्न मांडला. मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग हवेत, त्यांच्यासाठी खास शिक्षक तयार करायला हवेत आणि त्यांची जबाबदारी समाजाने उचलायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर अशा मुलांच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने त्यांनी देशभर व्याख्याने दिली.

१९००मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था सुरू झाली. तिचे संचालकपद डॉ. माँटेसरी आणि त्यांचे सहकारी डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्याकडे संयुक्तपणे आले. संस्थेला जोडून मुलांचा एक वर्ग होता. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत डॉ. माँटेसरी स्वतः मुलांमध्ये असत. रात्री दिवसभराच्या नोंदी लिहीत. ओवण्याचे मणी, बटणे लावण्याच्या चौकटी, लाकडी अक्षरे अशी साधने त्यांनी करून पाहिली, बदलली, पुन्हा करवून घेतली. त्यांतील काही मुले वाचायला-लिहायला शिकली आणि सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्णही झाली. सर्वत्र वाहवा झाली. डॉ. माँटेसरींना मात्र दुसऱ्याच विचाराने ग्रासले. ही मुले इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुले त्यांच्याच पातळीवर का अडकून पडावीत? दोष मुलांत आहे की शाळांत?

दूर वाढलेले मूल

या यशाच्या वर्षांतच त्यांच्या आयुष्यात एक जखम झाली होती. डॉ. मोंतेसानो यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले आणि ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. दोघांचा विवाह झाला नाही. विवाह झाला असता तर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना व्यवसाय सोडावा लागला असता. विवाहाविना झालेले मूल उघड झाले असते तर समाजातील स्थान आणि काम दोन्ही गेले असते. मारिओला रोमबाहेरच्या खेड्यात एका कुटुंबाकडे वाढायला ठेवण्यात आले. आई अधूनमधून भेटायला जाई, पण ही बाई आपली आई आहे, हे त्याला सांगितलेले नव्हते.

तुरिनच्या परिषदेत उपेक्षित मुलांची बाजू मांडणाऱ्या या डॉक्टर बाई तेव्हा सहा महिन्यांच्या एका मुलाच्या आई होत्या, आणि ते मूल त्यांच्याजवळ नव्हते. ही गोष्ट तेव्हा जगाला ठाऊक नव्हती. दोघांपैकी कोणीही दुसऱ्या कोणाशी विवाह करायचा नाही, असे उभयतांमध्ये ठरले होते, असे चरित्रकार सांगतात. १९०१मध्ये डॉ. मोंतेसानो यांनी अन्य स्त्रीशी विवाह केला. डॉ. माँटेसरींनी भरभराटीला आलेली ती संस्था सोडली आणि विद्यार्थिनी म्हणून पुन्हा विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानववंशशास्त्राचा अभ्यास सुरू केला. आई होण्यासाठी एका स्त्रीला कोणता आधार लागतो आणि तो नसला तर काय होते, हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

सान लोरेंझोचे घर

रोमच्या सान लोरेंझो भागात १८८०च्या दशकातील बांधकामाच्या तेजीत मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तेजी ओसरली आणि त्या अर्धवट पडून राहिल्या. आपल्याकडच्या चाळींना लाजवील अशी गर्दी तेथे झाली. एकेका खोलीत अनेक कुटुंबे, पाण्याची वानवा, रोगराई आणि गुन्हेगारी. पुढे एका गृहनिर्माण संस्थेने यांतील इमारती ताब्यात घेऊन दुरुस्त केल्या आणि कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईवडील दोघेही कामावर गेले की शाळेच्या वयाची न झालेली मुले दिवसभर जिन्यांवर उंडारत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. भिंतींच्या दुरुस्तीवर होणारा खर्च मुलांना सांभाळण्यावर केला तर परवडेल, असा हिशेब संस्थेचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी केला आणि डॉ. माँटेसरींना पाचारण केले.

६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत पहिले बालगृह उघडले. तीन ते सहा वर्षे वयाची पन्नासेक मुले पहिल्या दिवशी जमली. बहुतेक भेदरलेली, रडवेली. काहींच्या तोंडून शब्दही फुटत नव्हता. अपुरे खाणे, कोंदट हवा आणि बोलायला-खेळायला कोणी नाही, यामुळे वाढ खुंटलेली ही मुले होती. त्यांना कोणताही आजार जडलेला नव्हता, परंतु हेच दिवस पुढे चालले असते तर ती मागेच पडली असती.

मनोरुग्णालयातील मुलांसाठी घडवलेली साधने डॉ. माँटेसरींनी येथे आणली. दट्ट्यांचे ठोकळे, लहानमोठ्या घनांचा मनोरा, खरखरीत आणि गुळगुळीत पृष्ठभागांच्या पट्ट्या. मुले त्यांत रमून गेली. एखादी लहानगी दट्टे काढून पुन्हा बसवण्याचे काम चाळीस-चाळीस वेळा करी आणि आजूबाजूच्या गलक्याने विचलित होत नसे. साधनांच्या कपाटाला कुलूप असे. एके दिवशी ते उघडे राहिले आणि शिक्षिका येण्यापूर्वीच मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून कामाला सुरुवात केली. मुलांना निवड करता येते, हे त्यातून कळले आणि कपाटांच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी मांडणी आली.

या बालगृहाचा एक विशेष पुढे झाकोळला गेला. ही शाळा मुलांच्या राहत्या घरातच होती. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे, असा दंडक होता. आईला वाटेल तेव्हा आत डोकावता येई. फी नव्हती. भिंतीवर लावलेल्या नियमांत आयांची कर्तव्ये लिहिलेली होती. मुलाला अंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत, वेळेवर पाठवायचे आणि आठवड्यातून निदान एकदा शिक्षिकेला भेटून मूल घरी कसे वागते, काय खाते, कसे झोपते ते सांगायचे, तिचा सल्ला घ्यायचा. मुलांचे वजन दर आठवड्याला आणि उंची दर महिन्याला नोंदवली जाई. प्रत्येक मुलाची नोंदपत्रिका असे. डॉक्टर आणि शिक्षिका दोन्ही एकाच छपराखाली, घराच्या दाराशी आल्या होत्या. श्रीमंतांना घरी दाई आणि डॉक्टर परवडतात, तीच सोय कष्टकरी आईला सामुदायिकपणे मिळावी, ही कल्पना डॉ. माँटेसरींनी दुसऱ्या बालगृहाच्या उद्घाटनाच्या वेळी विस्ताराने मांडली.

नियमांना एक कठोर बाजूही होती. अस्वच्छ येणाऱ्या किंवा घरून काही वळण न लावलेल्या मुलाला काढून टाकण्याची तरतूद त्यांत होती. ज्या घराला मदतीची सर्वाधिक गरज, तेच घर या चाळणीतून गळून पडण्याची भीती होती. आजच्या काळात हा नियम कोणी मान्य करणार नाही. तरीही आईला उपदेश ऐकवून वाटेला न लावता तिला कामात सहभागी करून घेण्याचा हा प्रयत्न त्या काळी नवा होता, हे नाकारता येत नाही.

त्याचा परिणाम अनपेक्षित जागी दिसला. इतक्या लहान वयात लिहिणे-वाचणे शिकवावे, असे डॉ. माँटेसरींच्या मनात नव्हते. मुलांच्या निरक्षर आयाच त्यांच्याकडे आल्या आणि आमच्या पोरांना अक्षरे शिकवा म्हणून हट्ट धरून बसल्या. लाकडी अक्षरे करवून घेणे खर्चाचे होते, म्हणून पॉलिश पेपर कापून खरखरीत अक्षरे तयार करण्यात आली. मुले त्यांवरून बोट फिरवू लागली. काही महिन्यांत, १९०७च्या डिसेंबरात, गच्चीवर खेळणाऱ्या एका मुलाने खडूने आपणहून शब्द लिहिला आणि आनंदाने आरडाओरडा केला. पाठोपाठ इतर मुलेही दारांवर, फरशीवर लिहीत सुटली. घरोघरी आया ते अप्रूप पाहत राहिल्या. घरे अधिक स्वच्छ राहू लागली, असेही त्या काळच्या वर्णनांतून दिसते.

भूकंपातील अनाथ

२८ डिसेंबर १९०८ रोजी मेस्सिना शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. हजारो लोक मेले. ढिगाऱ्यांत एकटी सापडलेली सुमारे साठ मुले रोममध्ये आणली गेली. त्यांना नावे ठाऊक नव्हती, घर ठाऊक नव्हते. ती बोलत नसत, जेवण नीट घेत नसत, रात्री किंचाळून उठत. व्हिया ज्युस्ती या रस्त्यावरील जोगिणींच्या मठात त्यांच्यासाठी बालगृह सुरू झाले. फुलांनी सजवलेली टेबले, हाताळायला साधने, बागेत काम, स्वतः वाढून घेण्याची मोकळीक आणि मायेने वागणाऱ्या जोगिणी. हळूहळू मुले झोपू लागली, खाऊ लागली, हसू लागली. बालपणातील धक्का हेही वाढ खुंटण्याचे कारण असते आणि शांत, सुरक्षित दिनक्रमाने ते भरून येऊ शकते, हे या मुलांनी दाखवून दिले. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७मध्ये, युद्धाची झळ लागलेल्या मुलांसाठी रेड क्रॉसच्या धर्तीवर एक स्वतंत्र संघटना असावी, अशी योजना डॉ. माँटेसरींनी मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही.

१९०९मध्ये त्यांच्या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि काही वर्षांत अनेक भाषांत पोहोचला. १९१२च्या अखेरीस आई रेनिल्दे यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जवळपास पंधरा वर्षांचा मारिओ आईकडे राहायला आला. लोकांसमोर मात्र त्याची ओळख पुढेही दीर्घकाळ भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली गेली. तो आईचा सहकारी झाला आणि अखेरपर्यंत तिच्यासोबत राहिला.

अड्यार ते अहमदनगर

मुसोलिनीच्या राजवटीने आधी डॉ. माँटेसरींना आश्रय दिला. मुलांना फॅसिस्ट शिस्तीत जुंपण्याचा आग्रह वाढला तसे संबंध तुटले आणि १९३४मध्ये इटलीतील त्यांच्या शाळांवर गदा आली. बार्सिलोनातील मुक्काम १९३६च्या यादवीने संपवला. त्या हॉलंडला गेल्या. तेथून थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९मध्ये मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. वय होते ६९. पहिल्याच वर्गाला भारतभरातून तीनशेहून अधिक शिक्षक आले.

जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. हेच शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. डॉ. माँटेसरींवर अड्यारच्या आवाराची मर्यादा आली. एकदा दुरावलेला मुलगा उतारवयात पुन्हा दुरावला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हॉइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत, असा तिचा आशय होता. आयुष्यभर भाचा किंवा दत्तक म्हणून वावरलेल्या मारिओचा उल्लेख एका परक्या सरकारने सरळ मुलगा म्हणून केला होता.

युद्ध संपेपर्यंत त्यांना भारत सोडता आला नाही. कोडाईकनालच्या वास्तव्यात आणि नंतर अहमदाबाद व अन्य शहरांतील वर्गांमध्ये त्यांचे लक्ष जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या वयावर अधिकाधिक केंद्रित झाले. या वयात मूल आजूबाजूचे सारे नकळत शोषून घेते, आणि म्हणून मदत पोहोचवायची तर ती शाळेच्या आधी, घरात पोहोचवायला हवी, हे त्यांच्या अहमदाबादच्या व्याख्यानांचे सूत्र होते. पुढे १९४९मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९४७मध्ये रोममध्ये तान्ह्या मुलांच्या साहाय्यकांना प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तीही याच विचारातून.

अंगणापर्यंत

महाराष्ट्राचे या विचाराशी नाते डॉ. माँटेसरी येण्यापूर्वीच जुळले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. महात्मा गांधी १९३१मध्ये लंडनला डॉ. माँटेसरींना भेटले, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांना मिळावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. ती अडचण ताराबाईंनी प्रत्यक्ष कामातून सोडवली. १९४५मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. परदेशी साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने वापरली गेली. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांत पसरले. शिकवण्याच्या आधी मुलांना न्हाऊ घालणे, खरूज-नायट्यावर औषध लावणे, आईशी बोलणे ही कामे करावी लागत. सान लोरेंझोच्या इमारतीत जे घडले त्याचाच हा अस्सल देशी अवतार होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांचा तीत एकत्र विचार केलेला आहे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मजात व्यंग, उणिवा, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी मुलांची तपासणी होऊ लागली, आणि मागे पडणाऱ्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्याची तरतूद झाली. चौथा-पाचवा महिना संपत आला तरी बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत ही जागरूकता अधिक हवी. घराण्यात सगळेच उशिरा बोलले, असे म्हणून गप्प बसण्यात मौल्यवान महिने निघून जातात. मूल मागे पडले की आईलाच बोल लावण्याची रीत सुशिक्षित घरांतही आहे. त्या धास्तीने अनेक आया तपासणीला यायचे टाळतात. या आईला दोष न देता सोबत करणे, घरच्या घरी करता येतील असे खेळ आणि व्यायाम तिला शिकवणे, हा आज अशा केंद्रांच्या कामाचा गाभा मानला जातो.

डॉ. माँटेसरी १९४९मध्ये भारतातून कायमच्या परतल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी तीन वर्षे नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पुरस्कार मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मृत्युपत्रात त्यांनी आपला सारा वारसा मारिओच्या नावे केला. त्यात त्याचा उल्लेख भाचा नव्हता, दत्तकही नव्हता. तो माझा मुलगा असा होता. हे सांगण्यासाठी एका आईला चौपन्न वर्षे थांबावे लागले. कोणत्याही आईवर मूल लपवण्याची, मग ते विवाहाविना झालेले असो की वाढीत मागे पडलेले, वेळ येऊ नये, एवढी व्यवस्था समाजाने उभी केली तर माँटेसरी हे नाव पाटीवर मिरवण्याला अर्थ राहील.